मागं उभी असलेली आधी बोलेल: परभणी जिल्ह्यातल्या एका मुलींच्या बास्केटबॉल संघाचं प्रकरण

गोदाकाठचं तालुक्याचं गाव, अनुदानित शाळा. मागच्या बाजूला सिमेंटचं एक बास्केटबॉल मैदान, त्याच्या एका टोकाला फायबरचा बोर्ड आणि दुसऱ्या टोकाला जुना लाकडी. हा पट्टा कबड्डी आणि खो-खोचा. बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळा जिल्ह्यात मोजक्याच, त्यामुळे अंतिम फेरी गाठणं तितकंसं अवघड नाही. अवघड आहे ते जिंकणं. या शाळेचा सतरा वर्षांखालील मुलींचा संघ लागोपाठ अंतिम सामन्यात पोचायचा आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये हरून परत यायचा.

प्रशिक्षक म्हणजे शाळेचे क्रीडाशिक्षकच. वय तिशीतलं, विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, पोरींवर जीव असलेले. सकाळी साडेसहाला ते मैदान झाडतात तेव्हा शिपायाची वाट पाहत नाहीत. त्यांनी मला आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्याचं मोबाइलवरचं चित्रण पाठवलं आणि सोबत लिहिलं, "सर, पोरी दबावात खचतात. यांचं मन कसं घट्ट करायचं ते सांगा."

मी ते चित्रण आधी आवाज बंद करून बघितलं, मग आवाज चालू करून. पोरी खचलेल्या वाटल्या नाहीत. त्या गप्प होत्या, आणि इथं दुखणं तेच होतं.

त्या सामन्यात काय झालं

मुलींची नावं इथं देत नाही, जर्सीच्या नंबरांनी ओळखू. सात नंबर म्हणजे कर्णधार आणि पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढं नेऊन चाल रचणारी. दहावीतली, चपळ, दोन्ही हातांनी ड्रिबल करणारी. संघाचे निम्म्याहून अधिक गुण तिचेच. नऊ आणि चार याही दहावीतल्या. अकरा नंबर आठवीतली, पण संघात सगळ्यांत उंच. बचावात संघ २-३ झोन लावायचा, म्हणजे दोघी पुढं, तिघी मागं आणि प्रत्येकीनं आपापली जागा राखायची; अकरा मागच्या रांगेत मधोमध, बास्केटच्या पुढ्यात उभी राहायची.

चौथ्या क्वार्टरची जवळजवळ चार मिनिटं शिल्लक होती आणि सहा गुणांची आघाडी होती. तेवढ्यात सात नंबरला पाचवा फाउल लागला. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडूला बाहेर जावंच लागतं आणि त्या सामन्यात परत येता येत नाही. समोरचे प्रशिक्षक जाणते होते. त्यांनी लगेच पूर्ण मैदानभर प्रेस लावला, म्हणजे चेंडू अर्ध्या रेषेपलीकडं जाण्याआधीच अडवायचा. चेंडू ताब्यात आल्यापासून तो पुढच्या अर्ध्यात न्यायला आठ सेकंद मिळतात, आणि घाबरलेल्या हातात ती आठ सेकंदं फार लवकर संपतात.

त्यातली एक चाल मी कितीदा तरी थांबवून थांबवून बघितली. नऊ नंबरनं बेसलाइनच्या, म्हणजे बास्केटमागच्या रेषेच्या, बाहेरून चेंडू आत टाकला तो उजव्या कोपऱ्यातल्या चार नंबरकडं. चारची पाठ मैदानाकडं. एक प्रतिस्पर्धी समोरून आली आणि दुसरी तिच्या पाठीमागून, जिथं चारला काही दिसणं शक्यच नव्हतं. कोपऱ्यात एका बाजूला साइडलाइन, दुसरीकडं बेसलाइन, वर या दोघी; सुटायला जागा उरली नाही. त्याच क्षणी अकरा नंबर मधल्या वर्तुळाजवळ एकटी मोकळी उभी होती. हात छातीशी तयार, नजर चेंडूवर, तोंड मिटलेलं. चार नंबरनं बघितलं ते बाकाकडं. बाकावरून सर ओरडत होते, "पास दे! मधे बघ! आठ सेकंद गं!" बाहेर हलगी वाजत होती, त्यातलं तिला काय ऐकू आलं असेल देव जाणे. चेंडू गेला, समोरच्यांचे दोन गुण झाले. पुढच्या चारही चाली थोड्याफार फरकानं अशाच गेल्या.

दुसऱ्या अर्ध्यात प्रशिक्षकाला तीन टाइमआउट मिळतात. सरांनी त्यातले दोन तिसऱ्या क्वार्टरमध्येच, सोपे ले-अप (बास्केटजवळ जाऊन टाकायचे शॉट) हुकल्याच्या रागात घेऊन टाकले होते. उरलेला तिसरा घेतला तेव्हा आघाडी एका गुणावर आली होती. त्या एका मिनिटात त्यांनी सात वेगवेगळ्या सूचना दिल्या. पोरी माना हलवत होत्या, पण नजर भिरभिरत होती. सामना गेला.

आणखी एक गोष्ट चित्रणातून दिसली नाही, नंतर विचारल्यावर कळली. कर्णधार मैदानाबाहेर गेली की तिच्या जागी कोण, हे प्रशिक्षकानं पंचांना सांगायचं असतं. ते त्या दिवशी सांगितलं गेलंच नाही. कारण संघात तसं कोणी ठरलेलंच नव्हतं.

पोरींशी बोलल्यावर

मी गावी गेलो तेव्हा अकरा नंबरला ते चित्रण दाखवलं. म्हटलं, "ही मागून येणारी तुला दिसली होती का?"

"दिसली होती सर."

"मग चारला सांगितलं का नाहीस?"

ती चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "ताईला कसं सांगणार? आन सर सांगायलतेच की."

सगळं प्रकरण या दोन वाक्यांत मावतं. आठवीतल्या पोरीनं दहावीतल्या ताईला हुकूम सोडायचा नसतो, हे तिला कोणी शिकवलेलं नाही, घरातून आपोआप आलेलं आहे. आणि बाकावरचा आवाज सामनाभर चालू असल्यामुळं आपल्या बोलण्याची गरज आहे, असं कुणालाच वाटलं नव्हतं. सर प्रत्येक चालीवर ओरडत होते, त्यांच्या दृष्टीनं ती मदतच होती. पण त्या मदतीची सवय लागल्यानं पाच जणी एकमेकींकडं बघण्याऐवजी बाकाकडं बघायला शिकल्या होत्या.

सरांसमोर वाटा बऱ्याच होत्या. सातच्या जोडीला दुसरी गुण करणारी तयार करायची, हा त्यांचा स्वतःचा बेत होता आणि तो चुकीचा नव्हता; फक्त त्याला वर्ष-दोन वर्षं लागली असती. संस्थेतल्या एकांनी सुचवलं, एखाद्या वक्त्याला बोलावून मनोबलावर व्याख्यान ठेवा. माझा त्याला ठाम विरोध होता. मनोबलाची उणीव असलेली पोर सकाळी साडेसहाला चार किलोमीटर सायकल मारून सरावाला येत नाही. कर्णधार बदलण्याचाही विषय निघाला.

आम्ही ठरवलं ते वेगळं. बचावात जी सगळ्यांच्या मागं उभी असते तिला सगळं मैदान दिसतं. पुढं चेंडूवर असलेल्या दोघींना स्वतःच्या पाठीमागचं काहीच दिसत नाही. म्हणून जिला दिसतं ती बोलेल. वय, इयत्ता, गुण, काही बघायचं नाही. म्हणजे संघाचा आवाज अकरा नंबरचा.

सराव कसा बदलला

सांगणं सोपं, करणं कठीण. पहिल्या आठवड्यात अकरा नंबर बोलायची ते तिच्या शेजारणीलाही ऐकू जायचं नाही. "मोठ्यानं बोल" असं सांगून आवाज मोठा होत नाही, उलट आणखी बसतो. म्हणून सरांनी खेळाचा नियमच बदलला. अर्ध्या मैदानावर चारास चार. बचाव करणाऱ्यांनी चेंडू अडवला तरी त्यांना गुण नाही, जोवर मागच्या पोरीची हाक पास होण्याआधी आलेली नसेल. हाक नाही, किंवा उशिरा आली, तर चेंडू परत समोरच्यांनाच. आता गरज इतर तिघींना पडली. त्याच म्हणायला लागल्या, "अगं बोल की माय, आमचा गुण चाललाय!" सरांनी महिनाभर सांगून झालं नव्हतं ते चार दिवसांत झालं.

हाका पोरींनीच ठरवल्या. समोरून स्क्रीन, म्हणजे आपली वाट अडवून उभी राहणारी प्रतिस्पर्धी, येत असेल तर "डावी" किंवा "उजवी". यात एक बारकावा आहे. झोनमध्ये पुढची आणि मागची दोघींची तोंडं चेंडूकडंच असतात, त्यामुळं एकीची डावी ती दुसरीचीही डावी, गोंधळ होत नाही. पण प्रेस फोडताना आपल्याच संघातल्या दोघी समोरासमोर तोंड करून असतात, तिथं डावं-उजवं उलटं होतं. म्हणून तिथं फक्त दोन शब्द ठेवले, "मधे" आणि "कडेला". अकरानं एकच अट घातली, ती ताई म्हणणार. "ताई डावी!" सरांना वाटलं यात वेळ जातो. मला वाटलं, जाऊ द्या. ताई म्हणून तिचा संकोच सुटत असेल तर तो अर्धा सेकंद आम्हाला परवडणारा होता, आणि पुढं तो शब्द आपोआप इतका लहान झाला की ऐकणाऱ्याला "ता" एवढंच कळायचं.

सरांचं गप्प बसणं हा त्याहून अवघड भाग. आपापसातल्या सामन्यात त्यांनी खुर्चीवर वही घेऊन बसायचं, मनात येईल ते लिहायचं, बोलायचं क्वार्टर संपल्यावर, असं ठरलं. सुरुवातीला पोरी चेंडू अडला की खुर्चीकडं बघायच्या आणि सर अर्धे उठायचे. एकदा मुख्याध्यापक व्हरांड्यातून बघत होते. त्यांनी बोलावून विचारलं, "सर, तुम्ही नुसते बसून राहायलात, मग पोरींना शिकवायलंय कोण?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडं शिकवणं म्हणजे मास्तरांचा आवाज ऐकू येणं. सरांनी त्यांना २०१८ सालच्या एका सामन्याबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या गोल्डन स्टेट वॉरियर्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी १२ फेब्रुवारीला फिनिक्स सन्सविरुद्धच्या सामन्यात टाइमआउटमध्ये चाली आखायचा फळा खेळाडूंच्याच हातात दिला होता आणि संघ १२९-८३ असा जिंकला होता. मुख्याध्यापकांना ते पटलं. मी मात्र सरांना सांगितलं की ते उदाहरण जपून वापरा. तो संघ एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगचा २०१५ आणि २०१७ चा विजेता होता, त्या खेळाडूंना सगळं येत होतं. आठवी-दहावीतल्या पोरींच्या हातात फळा देऊन चालणार नाही. आधी त्यांना काय बघायचं ते शिकवावं लागेल.

या कामी मला जॉन वुडन जास्त जवळचे वाटतात. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाला १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे प्रशिक्षक. त्यांच्या शेवटच्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञांनी सरावाला बसून त्यांच्या प्रत्येक बोलण्याची नोंद ठेवली. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश बोलण्यात निव्वळ माहिती होती: काय करायचं, कसं करायचं. कौतुक थोडं, रागावणं थोडं. आमच्या सरांनी स्वतःच्या वहीतली पानं उलटून बघितली तर तिथं बहुतेक "काय हे!", "किती वेळा सांगायचं!" असंच होतं. पोरींना त्यातून काही करता येण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी वहीत दोन रकाने पाडले, एक माहितीचा आणि एक रागाचा, आणि दुसऱ्या रकान्यातलं मनातच ठेवायला शिकले.

कर्णधाराचा प्रश्न

इकडं सात नंबर बिथरली. तिनं बोलायला सुरुवात केली, पण चेंडू गेल्यावर. "कुठं बघायलीस?" "तुला सांगितलं होतं ना!" हे बोलणं नव्हे, हा हिशेब. झालेल्या चुकीवर बोललेला शब्द पुढच्या चालीला उपयोगी पडत नाही आणि ऐकणारी पुढच्या वेळी चेंडूच मागत नाही. चार नंबरनं तर तेच केलं. सात मैदानात असली की ती कोपऱ्यात लपायची.

सरांनी सातला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. साहित्याच्या खोलीत चेंडूंत हवा भरायला तिला सोबत घेतलं आणि पंप मारता मारता विषय काढला. तिनंच विचारलं, "मंग सर, कॅप्टन मी का ती?"

या प्रश्नावर सरांनी जे उत्तर दिलं ते मला या प्रकरणातलं सर्वांत चांगलं काम वाटतं. ते म्हणाले, "कॅप्टन तूच. पण तुझं काम ओरडायचं नाही." मग त्यांनी कामं मोजून दिली. पंचांशी बोलायचं काम कर्णधाराचं, तेही चेंडू थांबलेला असताना आणि नीट शब्दांत. टाइमआउटची शेवटची पंधरा सेकंदं तिची, त्यात कोण काय करणार ते प्रत्येकीच्या तोंडून वदवून घ्यायचं. तिला फाउल लागून बाहेर यावं लागलं तर कर्णधार नऊ, हे आजच ठरलं. आणि मैदानात अकराची हाक सर्वांत आधी तिनं पाळायची, कारण सातनं पाळली तर बाकीच्या पाळतील.

शेवटची गोष्ट सातला लगेच पटली नाही. आठ-दहा दिवस ती हाक ऐकून न ऐकल्यासारखं करायची. एकदा सरावात अकरा ओरडली "ताई उजवी!", सात डावीकडंच राहिली आणि स्क्रीनवर आदळून खाली बसली. उठली, गुडघा झटकला, आणि अकराकडं बघून फक्त मान डोलावली. त्यानंतर तो प्रश्न उरला नाही.

टाइमआउटचा सरावही सुरू झाला. मोबाइलवर एक मिनिट लावायचं. पहिली वीस सेकंदं पोरी आपापसात बोलणार: कुठून मार खातोय, कोण मोकळी राहतेय. मधल्या वेळेत सर एकच गोष्ट सांगणार, पुठ्ठ्यावर सोड्याच्या बाटलीची बुचं मांडून. शेवटची पंधरा सातची. आणि रोजच्या सरावात शेवटची दहा मिनिटं सात बाकावर. परिस्थिती ठरलेली: चार मिनिटं बाकी, सहाची आघाडी, समोरून प्रेस, सात नाही. चेंडू आत टाकला की अकरानं मधे यायचं, तिच्याकडं पास, तिथून विरुद्ध कडेला धावणाऱ्या चारकडं. ड्रिबल करत कडेकडेनं पळायचं नाही.

पुढं काय झालं

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं आणि त्याच आठवड्यात जिल्हास्पर्धा लागली. अंतिम सामना पुन्हा त्याच संघाशी. सातला तिसऱ्या क्वार्टरमध्येच चौथा फाउल लागला. सरांनी तिला बसवलं आणि स्वतःही बसले. समोरून प्रेस आलाच. पहिल्या चालीत अकराची हाक चुकली, दोघी एकाच जागी धावल्या आणि चेंडू गेला. दुसऱ्या चालीपासून "मधे" ऐकू येऊ लागलं, हलगीच्या वरून. सात शेवटच्या तीन मिनिटांसाठी परत आली तेव्हा सामना हातात होता. या शाळेला मुलींच्या बास्केटबॉलमध्ये जिल्ह्याचं विजेतेपद मिळालं.

विभागीय स्पर्धा दिवाळीनंतर होती, आणि अकरा नंबर नव्हती.

तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते ती थेट पश्चिम महाराष्ट्रात, आणि परत येते उन्हाळा लागताना. सर तिच्या घरी गेले. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, आजीही घरी आहे, हे सगळं बोलून झालं. वडील म्हणाले, "सर, पोरीचं चांगलं व्हावं असं मला वाटत नाही का? पण धाकटा दोन वर्षांचा हाय. आम्ही दोघं फडात, त्याला बघायचं कोणी?" सर पुढं काही बोलले नाहीत. ज्या घरात कोयत्यावर दोन माणसांची उचल घेतलेली आहे तिथं बास्केटबॉलच्या सामन्याचं वजन किती, हे बाहेरच्या माणसानं सांगायला जाऊ नये असं मलाही वाटतं. ती गेली.

विभागाला तिच्या जागी चौदा नंबर उभी राहिली. चांगली उडी, चांगले हात, पण तिला हाक द्यायचा सराव नव्हता. नऊनं पुढून हाका द्यायचा प्रयत्न केला. पुढं उभं राहून मागचं दिसत नाही, त्यामुळं त्या हाका उशिराच येत होत्या. त्यात तिथं २४ सेकंदांचं घड्याळ होतं, म्हणजे चेंडू मिळाल्यापासून तेवढ्या वेळात शॉट मारायलाच लागतो, आणि ते या पोरींनी कधी लावून खेळलेलंच नव्हतं. घड्याळ किती झालंय हे बाकावरून कोणी सांगेना आणि चेंडू हातात असताना हॉर्न वाजायचा. पहिल्याच फेरीत मोठ्या फरकानं हरलो.

हार बोचली, पण तिनं प्रकरणाची दुसरी बाजू उघडी केली. आधी संघ सातच्या हातांवर उभा होता, नंतर अकराच्या आवाजावर उभा राहिला. आवाज एकीचाच होता, फक्त बाकावरून मैदानात आला होता. शाळेच्या संघात हे चालत नाही. दरवर्षी दहावीच्या पोरी जातात आणि आमच्या भागात दिवाळीनंतर आणखी काही जणी जातात, हे धरूनच आखणी करायला हवी.

अकरा नंबर गुढीपाडव्याच्या सुमारास परत आली. सरांनी तिला पहिलं काम दिलं ते चौदाला मागं उभं राहून बोलायला शिकवायचं. आता मागच्या रांगेतल्या तिन्ही जागांवर पोरी दर आठवड्याला फिरतात, म्हणजे प्रत्येकीला हाक द्यावी लागते. बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूंपैकी एकीच्या हातात मोबाइलचं घड्याळ असतं आणि ती चोवीसपासून उलटे आकडे मोठ्यानं म्हणते; आक्रमणात आपला चुकलेला शॉट रिंगला लागून रिबाउंड आपल्यालाच मिळाला तर चौदापासून. सात अकरावीला बाहेरगावी गेली, कर्णधार कोण हे अजून ठरलेलं नाही. पालकसभेत हंगामी वसतिगृहाचा विषय या वेळी गणपतीतच घ्यायचा, टोळ्या ठरायच्या आत, आणि लहान भावंडांचं काय करायचं याचं उत्तर घेऊनच घ्यायचा, असं सरांनी मुख्याध्यापकांकडून मान्य करून घेतलं आहे. ते उत्तर अजून सापडायचं आहे.